वही सातवी, पान एकेचाळीस

माणसाच्या बोलण्यावर माझ्या ताईच्या धाकट्या दिरांइतका विश्वास ठेवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि बोलणाऱ्या माणसावर त्यांच्याइतका अविश्वास दाखविणाराही पाहिला नाही. कोणी काही सांगू लागले की ते प्रथम लिहून घेत, मग ते त्याला वाचून दाखवीत, मग त्याखाली त्याची सही घेत. एवढे सगळे झाले म्हणजे त्यांच्या लेखी ते बोलणे ठरे. त्याआधीचा सगळा नुसता आवाज. ताई त्यांना रिवाजाप्रमाणे 'भाऊजी' म्हणे. तिचे ऐकून मी म्हणू लागलो, माझे ऐकून आमच्या शाळेतले शिक्षक म्हणू लागले, आणि पाच-सात वर्षांत पंचवटीपासून देवळाली कॅम्पापर्यंत ज्यांच्या घरातली कोणतीही मुलगी या गृहस्थांच्या घरात दिलेली नव्हती, अशी शेकडो माणसे त्यांना भाऊजी म्हणत होती.

भाऊजी न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार बोलतो त्या वेगाने, रेघा, आकडे आणि टिंबे यांच्या खुणांनी लिहून घेणे हे लघुलेखकाचे काम. ही विद्या शिकून येते. परंतु भाऊजींनी तिच्यात स्वतःची इतकी भर घातली होती की त्यांचे लिखाण त्यांच्याखेरीज कोणालाही वाचता येत नसे. खोकल्याला वेगळी खूण होती, सुस्काऱ्याला वेगळी, प्रश्न टाळण्यासाठी मागितलेल्या पाण्याला आणि खऱ्या तहानेच्या पाण्यालाही निरनिराळ्या खुणा होत्या. सदऱ्याच्या खिशात टोके वर करून सात पेन्सिली. "सातच का?" असे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आठवी बसत नाही." त्यांचे घरातले बोलणेही न्यायालयातून नुकतेच उठून आल्यासारखे असे. "वहिनी, आमटीत मीठ कमी आहे. हे माझे निवेदन आहे, तक्रार नाही," असे ते ताईला सांगत, आणि ताई मीठ वाढता वाढता म्हणे, "सही कुठं करू, भाऊजी?"

येथे त्यांच्या घराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही. हे घराणे क्षेत्रोपाध्यायांचे. यात्रेकरू गोदावरीवर आला की त्याचे गाव आणि आडनाव विचारायचे, त्या गावाची वही काढायची, त्याचे आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले ते त्यांच्या सह्यांनिशी दाखवायचे, आणि मग खाली त्याचे नाव, मुलाबाळांची नावे घालून त्याची सही घ्यायची, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. माजघरातल्या लांबच लांब फळीवर लाल कापडात बांधलेल्या अशा दोनएकशे वह्या होत्या. जुन्या साऱ्या मोडी लिपीत. थोरले बंधू, म्हणजे माझे मेहुणे, हा व्यवसाय सांभाळीत. धाकट्यांनी तो सोडून नोकरी धरली, आणि आपण घराण्याच्या वाटेवरून पार दूर आलो अशी त्यांची समजूत होती. नाव विचारायचे, बापाचे नाव विचारायचे, लिहायचे आणि सही घ्यायची. पिढ्यान्‌पिढ्या घरात जे चालले होते तेच आपण दहा ते पाच करतो आहोत, हे त्यांच्या कधी ध्यानात आले नाही. मीही ते दाखवून दिले नाही. ज्याचे त्याला उमगावे, असे आम्ही वर्गात म्हणतो.

त्यांच्या खऱ्या छंदाला सुरुवात झाली ती एका शब्दापासून. न्यायालयात एक किरकोळ खटला होता. एका वस्तीत जलसा, म्हणजे ढोलकी-तुणतुण्यावर जागृतीची गाणी म्हणण्याचा कार्यक्रम चालू असताना कोणी तरी तो बंद पाडला होता, आणि गाणारी बाई साक्षीला आली होती. तिला विचारण्यात आले, "तुम्ही त्या वेळी काय गात होता?" बाईने पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेका धरला आणि सरळ गायलाच सुरुवात केली. न्यायाधीश म्हणाले, "गाणे नोंदवू नका. वगळा." भाऊजींनी पेन्सिल उचलली. त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, गेली नऊ वर्षे मी 'वगळा' हा शब्द ऐकतो आहे. या वगळलेल्या बोलण्याचे पुढे काय होते?"

"काय होणार? विरून जाते."

"तसे असेल तर नोंद अपुरी आहे," भाऊजी म्हणाले. पुढच्याच रविवारी त्यांनी घरातली एक कोरी लाल वही सायकलच्या मागे बांधली आणि, साक्षीदार लागतो म्हणून, मला बरोबर घेतले.

ही बाई म्हणजे गयाबाई. कॅम्पाच्या रस्त्यावर बौद्ध वस्तीत राहायची, एका सरकारी दवाखान्यात आया म्हणून काम करायची, आणि सुटीच्या दिवशी चार माणसांचा जलसा घेऊन गावोगाव जायची. नवरा वारलेला, एक मुलगी, शाळेत जाणारी. आम्ही गेलो तेव्हा समाजमंदिरात तालीम चालू होती. भाऊजींनी मांडी घातली, वही उघडली, आणि गाणे अर्धवट राहिल्याबद्दल न्यायालयातर्फे नव्हे तर स्वतःतर्फे दिलगिरी व्यक्त करून गयाबाईंना म्हणाले, "सगळे मला भाऊजी म्हणतात. तुम्हीही म्हणा."

"आमची कोणती बहीण दिलीय तुम्हाला?" गयाबाई म्हणाल्या. ढोलकीवाला हसला. भाऊजींनी पहिली खूण केली.

मग त्यांची जीभ नऊ वर्षांच्या सवयीने धावू लागली. नाव? गयाबाई. बापाचे नाव? सांगितले. वय? "पस्तीस लिहा, लागलं तर खोडू." आणि मग, साक्षीच्या जुन्या नमुन्यात ज्या क्रमाने रकाने असत त्याच क्रमाने, वर मानही न करता भाऊजी म्हणाले, "जात?"

ढोलकी थांबली. तुणतुणेवाल्याने तुणतुणे भिंतीला टेकवले. ज्या माणसांनी जन्मभर गाण्यातून हाच एक प्रश्न पुसायला घेतला होता, त्यांच्यात बसून तो इतक्या निरागस निष्काळजीपणे विचारणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल. मी सायकलींकडे पाहू लागलो. ढोलकीवाला म्हणाला, "उठवायचं का यांना, अक्का?"

गयाबाईंनी हातानेच त्याला बसवले. "रकाना हाय का तुमच्या वहीत त्याचा?"

"आहे," भाऊजी म्हणाले. आपले काय चुकले ते त्यांना आता कळले होते आणि कान लाल झाले होते. पण खोटे त्यांना बोलता येत नसे.

"मग रिकामा ठेवा. मला न्हाय बसायचं त्यात."

"रिकामा रकाना ठेवता येत नाही," भाऊजी कळवळून म्हणाले. "उद्या तुमच्यामागे कोणीही त्यात काहीही भरील."

गयाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "हे मातूर खरं बोललात," त्या हळूच म्हणाल्या. "आजपर्यंत दुसऱ्यांनीच भरलाय तो. आणा ती पेन्सिल." आणि वही स्वतःकडे ओढून, ओठ मिटून, एकेक अक्षर कोरीत त्यांनी त्या रकान्यात काही तरी लिहिले. लिहिल्यावर त्यावर तळहात ठेवला आणि मोठ्याने, मनापासून हसल्या. भाऊजींनी समासात एक बारीकशी खूण केली. काय लिहिले ते त्यांनी मला कधीही सांगितले नाही. निवेदन देणाऱ्याचे असते, घेणाऱ्याचे नसते, हा त्यांचा नियम.

त्यानंतर दोन तास गयाबाई बोलल्या आणि गायल्या. अमुक वस्तीचे म्हणून ओळखले जाणे म्हणजे काय, गाण्याने ते कसे सुटते आणि कुठे सुटत नाही, हे त्या सांगत होत्या. त्यांच्या एका गाण्याची सुरुवात माझ्या ध्यानात राहिली आहे:

गावानं दिलं ते नाव टाकलं गं,
आईनं दिलं ते राखलं.

शेवटी वाचून दाखविण्याची वेळ आली. भाऊजींनी घसा साफ केला आणि पंचनामा वाचतात त्या सपाट सुरात सुरुवात केली: "गावाने दिले ते नाव टाकले. ही ओळ साक्षीदार तीन वेळा म्हणते. तिसऱ्या वेळी ढोलकी वाजत नाही. साक्षीदार खोकते." गयाबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या तोंडून ऐकून मला माझंच गाणं गुन्ह्यावाणी वाटाया लागलंय. परत एकदा वाचा बरं."

"परत वाचता येत नाही," भाऊजी म्हणाले. "वाचून एकदाच दाखवायचे. दुसऱ्यांदा ऐकले की माणूस बोलणे बदलतो." हाही नियमच. गयाबाईंनी सही केली. भाऊजींनी खाली लिहिले, 'वाचून दाखविले, बरोबर आहे', आणि एका चिठोऱ्यावर पोच लिहून त्यांच्या हाती दिली.

त्या पोचेविषयी सांगायलाच हवे. प्रत्येक बोलणाऱ्याला ते अशी पोच देत: वही अमुक, पान तमुक, निवेदन घेणाऱ्याचे संपूर्ण नाव, हुद्दा आणि राहण्याचा पत्ता. एखाद्याने नंतर आपले निवेदन पाहायला मागितले तर अडचण पडू नये, हा त्यामागचा उद्देश. उद्देश चांगला होता. पण पुढच्या चार वर्षांत भाऊजी ज्यांच्याकडे जाऊ लागले, ते गवई, चित्रकार आणि कार्यकर्ते आपला ठावठिकाणा लपवून राहणारे होते. पेठ तालुक्याच्या डोंगरात आदिवासींच्या जमिनींसाठी फिरणारा एक तरुण आणीबाणी आल्यावर दडून राहत होता. त्याला गाठून भाऊजींनी नाव लिहून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला, "राहणार?"

"भाऊजी, मी भूमिगत आहे."

"ते मी धंद्याच्या रकान्यात लिहिले आहे. राहणार कुठे?"

शेवटी 'राहणार: सांगत नाही' यावर तडजोड झाली. सटाण्याकडचा एक पाट्या रंगविणारा होता. दिवसभर दुकानांच्या नावांत सावली भरायचा, आणि इतर वेळी भिंतींवर सरकारला आवडणार नाहीत अशी चित्रे काढायचा. जातीच्या रकान्याशी आल्यावर, जे काय लिहायचे ते स्वतःच्या हाताने लिहा, असे भाऊजी आता प्रत्येकाला सांगत. या रंगाऱ्याने ब्रश हिरव्या डब्यात बुडवला आणि रकान्यात टेकवला. "हाई मनी जात शे," तो आपल्या अहिराणीत म्हणाला. तो हिरवा ठिपका मागच्या पानावरही उमटला, आणि मागच्या पानाच्या साक्षीदाराची त्यास हरकत नाही, असे भाऊजी त्याच्याकडे जाऊन लिहून घेऊन आले.

घरात मात्र या वह्यांवरून बेबनाव झाला. थोरल्यांचे म्हणणे असे, की या लाल वह्यांत ज्याचे नाव येते तो आमचा यजमान. त्या वह्या कोणाच्याही गाण्याबजावण्यासाठी नाहीत. धाकट्यांचे उत्तर असे, की मग हेही यजमानच. त्यावर थोरल्यांनी फळीवर एक जेवायचा पाट उभा करून आडोसा घातला. पाटाच्या अलीकडे यात्रेकरू, पलीकडे भाऊजींचे लोक. आणि बोलणे बंद केले. तीन वर्षे दोघे भाऊ एका पंगतीला जेवत आणि ताईमार्फत बोलत. "त्यांना सांग, आज एकादशी आहे." "वहिनी, त्यांना सांगा, मला ठाऊक आहे." ताई मला म्हणे, "तू शाळेत मुलांना ओणवं उभं करतोस ना? या दोघांना करशील का?"

आणि मग सातव्या वहीची गोष्ट घडली. आणीबाणीच्या दुसऱ्या वर्षी गयाबाईंनी भाऊजींना पुन्हा बोलावून घेतले. यावेळी त्यांना गाणे सांगायचे नव्हते. त्यांच्या दवाखान्यात नसबंदीच्या शस्त्रक्रियेसाठी माणसे कशी गोळा करून आणली जात, कोणाला काय सांगून आणले, कोण रडले आणि कोणी दाराची कडी धरून ठेवली, हे त्यांना सांगायचे होते. त्यांनी ते सगळे सांगितले, नावानिशी, आणि खाली स्वच्छ देवनागरीत सही केली. वही सातवी, पान एकेचाळीस. चाळिसाव्या पानावर तो रंगारी होता. भाऊजींची लघुलिपी कोणास वाचता येत नव्हती हे खरे. पण गयाबाईंची सही कोणालाही वाचता आली असती, आणि ती वही उघडून भाऊजींना समोर बसवून "वाचा" म्हटले असते, तर खोटे वाचणे त्यांना जमले नसते. गयाबाईंची नोकरी, त्यांची मोकळीक आणि त्यांच्या मुलीचे शिक्षण, एवढे सगळे त्या एका पानावर होते.

दोन आठवड्यांनी रंगाऱ्याला भिंतीसमोर पकडले. त्याच्या खिशात पोच होती.

त्या रविवारी सकाळी मी ताईकडे उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. बाहेर बुटांचा आवाज झाला. एक फौजदार आणि एक शिपाई ओसरीवर आले, आणि फौजदाराने खिशातून तो चिठोरा काढून भाऊजींपुढे धरला. "हे अक्षर तुमचं?"

"माझे," भाऊजी म्हणाले.

"सातवी वही कुठाय?"

मी तांबडी पेन्सिल खाली ठेवली. भाऊजींनी खिशातल्या पेन्सिलींवर हात ठेवला. "फळीवर आहे," ते म्हणाले. "पण निवेदन देणाऱ्याच्या संमतीशिवाय काढून देता येत नाही."

"नका देऊ. आम्ही काढतो." फौजदार माजघराकडे वळला.

तेवढ्यात ताई आतून लगबगीने आली. "उभे का साहेब? बसा की," असे म्हणत तिने फळीवरचा तो पाट उपसला आणि फौजदारापुढे मांडला. तीन वर्षे पाटाला टेकून उभ्या असलेल्या वह्या एकमेकींवर कलंडल्या. आता लाल कापडाला लाल कापड लागून दोनएकशे वह्यांची एकच रांग झाली. हे तिने जाणून केले की पाहुण्याला बसायला दिले पाहिजे म्हणून केले, हे मी तिला पुढे अनेकदा विचारले. "पाट बसायलाच असतो," एवढेच ती म्हणे.

फौजदार पाटावर बसला आणि हाताला लागेल ती वही उघडू लागला. पहिली उघडली, मोडी. दुसरी उघडली, मोडी. तिसरी भाऊजींची होती. त्याने तीही उभी-आडवी करून पाहिली. मोडी न शिकलेल्या माणसाला मोडी आणि लघुलिपी यांत काय फरक दिसणार? नावे आणि सह्या तर दोन्हींत होत्याच. "ही सगळी अक्षरं कसली?" त्याने विचारले. मग तो झोपाळ्यावर बसलेल्या थोरल्यांकडे वळला. "तुम्ही सांगा. यातली सातवी कोणती?"

भाऊजींनी डोळे मिटून घेतले. तीन वर्षांत न बोललेल्या भावाच्या हातात आता गयाबाईंचे भवितव्य होते, आणि त्या भावाला त्यांच्याविषयी काय वाटते हे फळीवरच्या पाटाने सगळ्या घराला सांगितलेले होते.

थोरले झोपाळ्यावरून सावकाश उतरले. "सातवी म्हणजे खानदेशची," ते म्हणाले. त्यांनी रांगेच्या अलीकडच्या टोकाची एक जाड वही ओढली, कापड सोडले आणि मांडीवर घेतली. यात खोटे काही नव्हते. घराण्याच्या मोजणीप्रमाणे खानदेशची वही सातवीच होती. मग, जसे ते कोणत्याही दारी आलेल्या माणसाला विचारीत तसे, त्यांनी फौजदाराला विचारले, "आपलं गाव कुठलं? आडनाव?"

"माझं काय काम?" फौजदार म्हणाला. पण सांगितले. गाव खानदेशातलेच निघाले; दारी आलेल्याचा हेल थोरले पहिल्या वाक्यालाच ओळखीत.

थोरल्यांनी बोट लावून पाने उलटली. "पणजोबा दौलतराव. भाऊ दोन, एक लहानपणी गेलेले. आपल्या आजोबांचं नाव लहानू. सिंहस्थाला आले होते, बरोबर आई होती. ही त्यांची सही. सही नाही, निशाणी आहे. नांगर काढलाय."

फौजदार वाकला. बराच वेळ तो त्या नांगराकडे पाहत होता. मग त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट ओसरीवर नेऊन ठेवले आणि परत येऊन मांडी घालून बसला. "आजोबांना आम्ही पाहिलंच नाही," तो म्हणाला. "घरात फोटो नाही, काही नाही." पुढचा अर्धा तास त्याने आपले नाव, भावांची नावे, तीन मुलांची नावे सांगितली आणि नांगराशेजारी वळणदार सही केली. शिपायाचे गाव सिन्नरकडचे निघाले. त्याचीही वही निघाली. ताईने चहा केला. जाताना फौजदार दारात थांबला, भाऊजींना म्हणाला, "असली चिठ्ठी पुन्हा कुणाला देऊ नका, साहेब," आणि निघून गेला. त्याला कळले होते की नव्हते, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

माजघरात थोरले वहीला कापड बांधत होते. भाऊजी घसा खाकरून म्हणाले, "दादा, सही पानाच्या खाली घ्यायला हवी होती. तुम्ही बाजूला घेतलीत."

"आमच्यात बाजूलाच घेतात," थोरले म्हणाले.

तीन वर्षांनंतरचे पहिले बोलणे ते हे. ताईने डोळे पुसले आणि तो पाट जेवणघरात नेला. तो पुन्हा कधी फळीवर गेला नाही.

त्याच दिवशी भाऊजी सायकलवरून गयाबाईंकडे गेले, मी मागे होतोच. त्यांनी वही पुढे केली आणि जन्मात कधी उच्चारला नव्हता तो शब्द उच्चारला. "फाडा," ते म्हणाले. "पान तुमचे आहे."

गयाबाईंनी वही उघडलीदेखील नाही. "भाऊजी, आजवर आमची सही घेतली ती पगाराला, न्हायतर कबुलीला. बोलण्याखाली कुणी घेतली नव्हती. ऱ्हाऊ द्या." मग म्हणाल्या, "तुमचे दादा काय म्हणले म्हणता? सातवी खानदेशची? लय भारी. गाण्यात घालते." भाऊजींनी सवयीने पेन्सिल काढली आणि समासात खूण केली.

पोचेवर हुद्दा लिहिल्याची शिक्षा भाऊजींना झालीच. वरिष्ठांनी ताकीद देऊन त्यांची पेठला बदली केली. दोन वर्षांनी ते परत आले तेव्हा सायकलच्या मागे तीन नव्या वह्या होत्या. रंगारी कधीच सुटला होता. गयाबाईंनी दवाखान्यातली नोकरी पुरती केली आणि गाणे अखेरपर्यंत चालू ठेवले. भाऊजी प्रत्येक जयंतीला त्यांच्या जलशात पहिल्या रांगेत बसत, एकही ओळ न गुणगुणता, चेहऱ्यावर निकालाच्या दिवसाची गंभीरता ठेवून.

त्यांच्या निवृत्तीनंतरच्या वर्षी, दुपारच्या वेळी, ताईच्या दारात एक तरुण शिक्षिका उभी राहिली. गयाबाई त्या उन्हाळ्यात वारल्या होत्या. त्यांच्या ट्रंकेत त्यांच्या या मुलीला दोन चिठोरे सापडले होते, घड्या पडून पिवळे झालेले. "आमच्यात पूजाबिजा काही नसते हं," तिने उंबऱ्याबाहेरूनच सांगितले.

"वही बघायला पूजा लागत नाही," थोरले म्हणाले. "या. आईचं नाव?" आणि चिठोऱ्यांकडे न पाहताच त्यांनी फळीच्या मधोमधून दोन वह्या काढल्या. त्यांना जागा पाठ होत्या.

भाऊजींनी चष्मा लावला. त्यांना आता पेन्सिल धरवत नसे. त्यांनी आधी जुनी वही उघडली आणि मुलीपुढे सरकवली. सगळे पान रेघा आणि टिंबांचे. मजकुरात वाचता येण्याजोगे एवढेच, वरची नावगावाची ओळ, खालची सही, आणि त्या रकान्यातली गयाबाईंनी स्वतः कोरलेली अक्षरे. इतक्या वर्षांनी ती मीही वाचली: 'पोरीला विचारा.'

थोरल्यांनी दौत पुढे केली. "आईच्या खाली लेकीचं नाव घालायची पद्धत आहे."

तिने नाव लिहिले. भाऊजींनी सवयीने विचारले, "बापाचे नाव?" ती म्हणाली, "आधी आईचं लिहिते. तिच्याच पानावर बसलेय." मग तिचा हात त्या रकान्याशी येऊन थांबला. माझ्या शाळेच्या जनरल रजिस्टरात हा रकाना मी वीस वर्षे बारीक निबाने, सुवाच्य अक्षरात, मुलाकडे न पाहता भरत आलो होतो. त्या दुपारी मला दुसरीकडे कुठे पाहावे ते कळेना.

"रिकामा ठेवला तर?" तिने विचारले.

"रिकामा ठेवता येत नाही," भाऊजी म्हणाले.

"मग लागू नसेल तर कोर्टात काय करतात?"

"आडवी रेघ मारतात. आणि रेघेवर सही करतात, म्हणजे मागाहून कोणाला काही भरता येत नाही."

तिने पट्टी मागितली. मी माझी दिली. तिने रकान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारली आणि तिच्यावर सही केली.

मग भाऊजींनी वाचायला घेतले. तोच सपाट सूर, फक्त आवाज खोल गेलेला. "गावाने दिले ते नाव टाकले. ही ओळ साक्षीदार तीन वेळा म्हणते. साक्षीदार खोकते." पण त्याच्याही आधी, रकान्याशेजारच्या समासातली खूण त्यांनी वाचली होती: "साक्षीदार येथे हसते. मोठ्याने."

मुलीने मान वर केली. "ते परत वाचाल?"

थोरल्यांनी भावाकडे पाहिले, मीही पाहिले. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि पहिल्या ओळीवर बोट नेले. "साक्षीदार येथे हसते," ते म्हणाले. "मोठ्याने." मग कोणी न सांगता आणखी एकदा म्हणाले.

भाऊजी जाऊनही आता काही दिवस झाले. त्यांच्या एकोणीस वह्या फळीवर इतर वह्यांत मिसळून आहेत, आणि त्या वाचू शकणारा माणूस राहिलेला नाही. ताईकडे गेलो की मी एखादी काढून चाळत बसतो. हसण्याची खूण तेवढी त्या दुपारी मी नीट पाहून ठेवली होती: एक लहान वर वळलेली रेघ आणि तिच्यापुढे दोन टिंबे. साऱ्या वह्यांत तेवढेच मला वाचता येते. कशावरून हसली ही माणसे, ते कळत नाही. पण ती खूण मला वाटले होते त्याहून पुष्कळच पानांवर आहे.